पळसफूलचा मालक कोण?

५ जानेवारी २०२५, रविवार

बियाण्याच्या दुकानातून नव्या वर्षाची डायरी मिळाली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सोयाबीनची शेंग छापलेली आहे, पण लिहायला जागा बरी आहे. दैनंदिनी सुरू करायला कारणही तसंच घडलं. ‘कबड्डी कप्तान’च्या विदर्भ लीगमध्ये शिस्त समितीवर माझी बिनविरोध निवड झाली.

‘कबड्डी कप्तान’ हा मोबाईलवरचा खेळ आहे. प्रत्येकाकडे अठरा खेळाडूंचा एक संघ असतो. खेळाडू खोटे, पण त्यांचं वय, दम, चढाई, पकड सगळं आकड्यांत असतं. आपण त्यांना सराव द्यायचा, दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची आणि संध्याकाळी सातच्या आत सात जण निवडून ठेवायचे. साडेसातला संगणक सामना खेळवतो आणि एकेक चढाई लिहून दाखवतो. माझा संघ ‘नेर निशाण’. चार वर्षं राबून अव्वल गटात आणला आहे.

मी नेरला शाळेत पी.टी. शिकवतो. वीस वर्षं जिल्ह्यात कबड्डीचा पंच होतो. गुडघा गेला तेव्हा शिट्टी खाली ठेवली. पण न्याय रक्तात आहे, तो गुडघ्याबरोबर जात नाही. निवडीनंतर गटावर मी हेच लिहिलं. अकरा अंगठे आले.

लीगचा पहिला नियम: एक माणूस, एक संघ. एकाच माणसाने दोन संघ चालवले तर एकातले चांगले खेळाडू दुसऱ्यात ओढता येतात, आणि इमानदारीनं खेळणारा बसतो बोंबलत. अशा माणसाला मी अजिबात दयामाया दाखवणार नाही.

डायरी खासगी आहे म्हणून एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो. मागच्या फेब्रुवारीत मी बबिताच्या (म्हणजे सौ.च्या) मोबाईल नंबरवर एक जास्तीचा संघ उघडला होता. नाव दिलं ‘राखीव’. तिला ओटीपी विचारला, तिनं भाकरी थापता थापता सांगितला. नव्या संघाला तीन कोवळे खेळाडू फुकट मिळतात. त्यात प्रेम नावाचा एक रेडर, म्हणजे चढाई करणारा, निघाला, वय सतरा, चित्त्यासारखा. तो मी निशाणमध्ये घेतला आणि बदल्यात माझा लखीराम दिला. कोपरा सांभाळणारा, वय चौतीस. पण तो फक्त प्रयोग होता. मग मन खाऊ लागलं म्हणून तिच्या मोबाईलवरून ॲप उडवून टाकलं. संघ संपला, विषय संपला. शिवाय तेव्हा मी समितीवर नव्हतो.

८ जानेवारी

पळसफूल ३९, नेर निशाण २६. लाज आली.

हा ‘पळसफूल’ संघ कुठून उगवला कळत नाही. तळाच्या गटातून वर्षात तीन गट चढून आला. मालकाचं नाव लावलेलं नाही, फक्त ‘यवतमाळ जिल्हा’ एवढंच. प्रेमला त्यांच्या कोपऱ्यानं सहा वेळा घोट्यात धरला. सहा वेळा! एवढी घोट्याची पकड शिकवणारा प्रशिक्षक यांनी आणला कुठून?

सामना चालू असताना स्वयंपाकघरातून बबिताचा हसण्याचा आवाज आला. तिच्या मोबाईलवर टिंगटिंग चालू होतं.

“काय झालं वं?” मी विचारलं.

“काई नाई. अंगणवाडीचा गट हाये.”

बबिता अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर लेकरांची वजनं-उंच्या ॲपमध्ये भरत असते. तिच्या मोबाईलची टिंगटिंग नेमकी साडेसातलाच का वाढते हे त्या खात्यालाच माहीत. (घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतो. वहीत मात्र मराठीत उतरवतो, म्हणजे कधी पुरावा म्हणून लागली तर अडचण नको.)

जेवताना मी तिला सामना सविस्तर सांगितला. ती म्हणाली, “तुमी त्या पोराले पयल्याच चढाईत कायले धाडता? समोरच्याचा दम भरेल असते. चौथ्या-पाचव्याले धाडा नं.”

बायकांना हा खेळ समजावणं कठीण आहे. मी वाटीतली डाळ संपवली.

१२ जानेवारी, रविवार

पळसफूल कोणाचा ते मला समजलं. भगवानरावांचा.

भगवानराव गावंडे, राहणार बोरी अरब. कपाशी, तूर आणि भांडखोर स्वभाव, तिन्ही भरपूर. लीगमध्ये त्यांचा ‘बोरी बहाद्दर’ संघ आहे. १९९८ साली दारव्ह्याच्या अंतिम सामन्यात मी त्यांना एक बोनस गुण नाकारला होता. बोनसची रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत लागतो, त्यांचा जमिनीला टेकलेला होता. मी डोळ्यांनी पाहिला. ते म्हणतात पाय हवेत होता. सत्तावीस वर्षं झाली, पाय अजून ते खाली आणायला तयार नाहीत.

पुरावा क्र. १: पळसफूल यवतमाळ जिल्ह्यातला. ते पण.
पुरावा क्र. २: पळसफूल घोट्याची पकड करतो. भगवानराव स्वतः जवानीत तीच करायचे.
पुरावा क्र. ३: मला हरवून आनंद होईल असा माणूस दुसरा कोण आहे?

आज बोरीच्या बाजारात मुद्दाम गेलतो. ते मिरच्या निवडत होते.

“काय भगवानराव, पळस लय फुलून राह्यला म्हणे यंदा?” मी डोळे बारीक करून विचारलं.

“जानेवारीत कुठं फुलते पळस, मास्तर? होळीले फुलते. तब्येत बरी हाये नं?”

किती सफाईनं टाळलं! अट्टल आहे माणूस.

१९ जानेवारी, रविवार

तक्रार दाखल केली. मराठी टायपिंग मला जमत नाही, बोट जाड पडतं. बबिताचा हात सुपरफास्ट आहे. तिला समोर बसवलं आणि मी फेऱ्या मारत सांगत गेलो.

“लिही. ‘महोदया, पळसफूल हा संघ बनावट असून तो दुसऱ्याच एका संघाच्या मालकाने, नियम पायदळी तुडवून, चोरून चालवलेला आहे.’”

तिचा हात थांबला. “चोरून?”

“चोरूनच. लिही. ‘असा निर्लज्ज माणूस...’”

“निर्लज्ज कायले? खेळून तं नीट राह्यला तो.”

“तुले नाई समजत त्यातलं. लिही.”

तिनं लिहिलं. मग विचारलं, “मंग त्या पळसफूलवाल्याचं काय होईन?”

“संघ बरखास्त. खेळाडू सगळ्यायले वाटून टाकायचे.”

“सगळे? वर्षभर तयार केलेले?”

“मुळासकट.”

“त्याले एकदा विचारा तं खरं, बाप्पा. त्याचं बी काही म्हणणं असन.”

“चोराले कोणी विचारते काय?”

 ‘निर्लज्ज’मधला ‘र्ल’ तिनं दोनदा चुकवला. तिच्याकडून अशी चूक होत नाही. अंगणवाडीच्या कामाचा ताण वाढलेला दिसतो. सुट्टी घे म्हणालो. ती म्हणाली, “सुट्टीच तं घेतली होती एका गोष्टीत, थे बी तुमाले पाह्यवलं नाई.” कशाबद्दल बोलत होती कुणास ठाऊक.

२६ जानेवारी

झेंडावंदन. कवायतीत सातवी ब डावीकडे वळली, बाकी शाळा उजवीकडे. पळसफूल ४४, दुसरा कोणीतरी १९.

३० जानेवारी

सकाळपासून वही तीनदा उघडून मिटली. तरी लिहितो.

समितीच्या अध्यक्ष अकोल्याच्या जोगदंड मॅडम. निवृत्त न्यायालयीन लिपिक आहेत, बोलतात तेही शिक्का मारल्यासारखं. त्यांचा सकाळी फोन आला.

“राठोड सर, तुमच्या तक्रारीत तथ्य आढळलं. पळसफूल हा एका दुसऱ्या संघाच्याच वायफायवरून चालतो.”

“मी म्हटलंच होतं मॅडम! बोरी बहाद्दर!”

“नाही. नेर निशाण.”

मी म्हणालो, मॅडम, नेर निशाण तर माझा आहे. त्या म्हणाल्या, “आमच्याही ते लक्षात आलं आहे.”

माझं समितीवरचं पद स्थगित. दोन्ही संघ गोठवले, सामने बघता येतील पण हात लावता येणार नाही. ९ तारखेला व्हिडिओवर सुनावणी. आरोप सिद्ध झाला तर दोन्ही संघ बरखास्त. म्हणजे माझी चार वर्षं गेली. गटावर कोणीतरी माझाच जुना संदेश, ‘न्याय रक्तात आहे’, पुन्हा टाकला. त्याला चाळीस अंगठे आले.

भगवानरावांनी माझं वायफाय चोरलं, दुसरं काय असणार! ते बोरीला आणि मी नेरला, मध्ये इतकं अंतर, ही अडचण आहे. पण आजकाल यंत्रं निघाली आहेत. गच्चीवर जाऊन पाहिलं. पाण्याची टाकी आणि दोन कबुतरं. वायफायचा पासवर्ड लगेच बदलला.

पाच मिनिटांत बबिता बाहेर आली. “काहो, नेट काहून बंद झालं?”

तिला नवा पासवर्ड दिला. पाऊण तासानं पाहतो तर पळसफूल पुन्हा ऑनलाइन! म्हणजे चोरानं तोही फोडला. मी हतबल झालो.

२ फेब्रुवारी, रविवार

जोगदंड मॅडमनी कागदपत्रं पाठवली. पळसफूल उघडल्याची तारीख, ११ फेब्रुवारी २०२४. मूळ नाव, ‘राखीव’. मोबाईल नंबरचे शेवटचे तीन अंक, ४१७.

चारशे सतरा मी तीनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेलो. बबिता वांगी चिरत होती.

“ॲप तं म्या उडवलं होतं,” मी म्हणालो.

“ॲप उडवलं. संघ कुठं उडते त्यानं?” तिनं वर पाहिलंही नाही. “तिसऱ्या दिवशी मले मॅसेज आला. ‘तुमचे खेळाडू तुमची वाट पाहत आहेत.’ म्या पाह्यलं तं खरंच बसून होते बिचारे. एक म्हतारा आन् सतरा अडाणी पोरं. जो एक कामाचा होता तो तुमी नेला.”

“मंग तू...”

“मंग म्या काय? नाव बदलवलं. रोज थोडं थोडं केलं. लखीराम खेळून थकला तं त्याले प्रशिक्षक केलं. त्यानंच शिकवलं सगळ्यायले घोट्यात धरणं.”

म्हणजे प्रेमला सहा वेळा धरला तो माझ्याच लखीरामच्या चेल्यानं!

“आन् कबड्डी कोणी शिकवली तुले?”

तिनं चाकू खाली ठेवला. “बावीस वर्षं. रोज जेवताना. कोणता रेडर कुठं चुकला, कोणाचा कोपरा उघडा होता. तुमाले वाटे मी भाकरी वाढून राह्यली. ऐकत बी होती.”

“सांगतलं काहून नाई?”

“सांगणारच होती. मंग तुमी माह्याच हातानं मले निर्लज्ज लिहायले लावलं.”



४ फेब्रुवारी

विचार केला. एकाच घरात दोन माणसांनी दोन संघ चालवायला परवानगी आहे, फक्त समितीला कळवावं लागतं. तेव्हा बबितानं सांगायचं की संघ तिनंच उघडला, कळवायचं राहून गेलं, माफ करा. दोन्ही संघ वाचतात. पूर्ण खोटंही नाही, नंबर तिचाच होता, ओटीपी तिनंच वाचला.

तिला हे मांडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणीन. पण प्रेम तुमच्याकडं कसा आला, थे विचारलं तं काय सांगू?”

“सांग, तू खुशीनं देल्ला.”

“सतरा वर्षाचा वाघ देऊन चौतीस वर्षाचा म्हतारा खुशीनं घेतला? एवढी बावळी दिसते काय मी?”

मी म्हणालो, मग गप्प राहा. ती म्हणाली, “बरं. तुमी बोला. मी गप्प राहीन.”

हे मान्य केलं त्याचं मला बरं वाटायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुनावणी झाली. आठवतं तसं उतरवतो.

सकाळी अकरा वाजता मी पांढरा सदरा घालून मोबाईलसमोर बसलो. शेजारच्या खुर्चीत बबिता, डोक्यावरून पदर, हातात तिचा मोबाईल. पडद्यावर जोगदंड मॅडम आणि वाशीमचा तो दुसरा सदस्य, जो कधी बोलत नाही. आणि चौथ्या चौकटीत भगवानराव! मागे कपाशीचा ढीग.

“हे काहून?” मी विचारलं.

“साक्षीदार आहेत,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी स्वतः अर्ज केला.”

 सत्तावीस वर्षांचा बोनस आज व्याजासकट वसूल होणार.

मॅडमनी आधी बबिताला विचारलं, “पळसफूल तुम्हीच चालवता याला पुरावा काय?”

ती काही बोलायच्या आत भगवानराव म्हणाले, “पुरावा मी देतो, मॅडम. ह्या मास्तरले मी तीस वर्षांपासून ओळखतो. चार वर्षं झाली, ह्याच्यासंग खेळून राह्यलो. ह्याच्या उजव्या कोपऱ्यातून बैलगाडी बी आरामात निघून जाते. पळसफूलचा कोपरा पाहा तुमी. तसा कोपरा ह्याच्या बापजन्मात ह्याच्यानं लागणार नाई. दोन संघ एका माणसाचे असूच शकत नाईत. मी लिहून द्यायले तयार हाव.”

वाशीमचा सदस्य पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, “बरोबर आहे.”

मी सुटलो होतो. एवढा अपमान होऊन कोणी सुटला नसेल, पण सुटलो होतो. मॅडमनी चाचणी म्हणून आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं आणि एकाच संघाविरुद्ध सात-सात जण निवडायला सांगितले. दहा मिनिटांनी दोन्ही याद्या वाचल्या. भगवानराव एवढे हसले की मागचा कपाशीचा ढीग हलला. कोणाची यादी ऐकून हसले ते मी विचारलं नाही.

“ठीक,” मॅडम म्हणाल्या. “दोन माणसं, दोन संघ, हे मान्य. आता एकच प्रश्न. बबिताबाई, संघ उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रेम हा खेळाडू नेर निशाणला गेला. बदल्यात चौतीस वर्षांचा लखीराम आला. ही अदलाबदल तुम्ही केली?”

बबिता गप्प. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. कबूल केल्याप्रमाणे गप्प.

  मला आयुष्यात खूप पोरांनी खोटं सांगितलं आहे, ‘सर, लागला नाही, सर, स्पर्शच नाही झाला.’ ती पोरं बोलताना कशी उभी राहायची ते मला आठवलं. मी तसाच बसलो होतो.

“मी केली,” मी म्हणालो. “संघ मीच उघडला. ओटीपी तिला कशाचा ते माहीत नव्हतं. प्रेम मी ओढला. तिचा यात काही दोष नाही. तिला जे मिळालं ते मी टाकून दिलेलं होतं, त्यातून तिनं उभं केलं.”

मॅडम लिहीत होत्या. भगवानराव हळूच म्हणाले, “मास्तर, आज पाय हवेत ठेवला तुमी.”

निकाल असा. प्रेम पळसफूलला परत. नेर निशाण तळाच्या गटात. समितीवरून मी कायमचा बाद. पळसफूल निर्दोष. एका घरातल्या या दोन संघांत अदलाबदल आणि सल्लामसलत यापुढे बंद. रिकाम्या पदासाठी मॅडमनी बबिताला विचारलं. ती म्हणाली, “नको बाई. लोकायच्या भानगडी सोडवायले अंगणवाडी पुरते मले.”

मोबाईल बंद केल्यावर ती उठली आणि चहा ठेवला. माझ्या कपात साखर जास्त होती. ती चुकून पडली की मुद्दाम टाकली, हे मी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

तळाच्या गटात मी सलग पाच सामने हरलो. इथं समोर दहावीतली पोरं, एक न्हावी आणि कोणीतरी ‘फुलसावंगी फौजी’ असतो. तिघांनीही धुतलं. बबिताला नुसतं विचारलं, “उजव्या कोपऱ्यात कोणाले घेऊ?”

“सल्ला देता येत नाई. नियम हाये,” ती म्हणाली आणि मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. जोगदंड मॅडमनी तरी काय नियम केला!

२३ फेब्रुवारी, रविवार

आज पळसफूलचा उपांत्य सामना होता. बबितानं सांगितलं नव्हतं, पण सहा वाजताच तिच्या अंगणवाडीच्या भुरीबाई आणि जमनी घरी येऊन बसल्या. दोघींना सगळं माहीत होतं. वर्षभरापासून! जमनी मला म्हणाली, “सर, त्या दिवशी तुमी हरले तं आमी पेढे वाटले.”

पळसफूल ४१, अमरावतीवाले ४०. शेवटची चढाई प्रेमची. बोनस घेऊन परत आला. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. गुडघ्याचं लक्षातच राहिलं नाही. तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. बबिता हसली. माझ्यावर नाही, मला बघून. फरक असतो.

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर भगवानरावांचा फोन आला. मी म्हणालो, बोला. ते म्हणाले, “तुमाले नाई हो, वहिनीले द्या. कोपरा कसा लावला थो विचाराचा हाये.” दिला. ती अंगणात जाऊन बोलू लागली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तळाच्या गटाचे सामने आठला होतात, संघ तोपर्यंत लावता येतो, आणि माझा लावायचा राहिला होता. मी दारातून हातवारे केले. तिनं हातानंच थांबा म्हटलं. आठ वाजून गेले.

मालकानं संघ लावला नाही तर संगणक आपल्या मनानं सात जण उतरवतो. म्हटलं, गेला हाही.

फोन हातात आला तेव्हा निकाल लागला होता. नेर निशाण ३८, फुलसावंगी फौजी १७. तळाच्या गटातला पहिला विजय. उजव्या कोपऱ्यातून एकही जण सुटला नाही.

भगवानरावांना निरोप पाठवला आहे, उद्यापासून रोज साधारण याच वेळी फोन करत जा.